वीस दिवस, वीस नोंदी, वीस गुण

जूनमध्ये अकरावीचा वर्ग भरला की पहिल्या तासाला मी जीवशास्त्र शिकवत नाही, एक कागद वाटते. वर्षभरात माझ्या काय अपेक्षा आहेत आणि कशाला किती गुण मिळणार, हे त्यावर लिहिलेलं असतं. आकृती पेन्सिलीनेच काढायची. भागांची नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक. प्रयोगवही दिलेल्या तारखेला. एक दिवस उशीर, एक गुण कमी. शेवटची ओळ : कारणे सांगू नयेत. कागदावर पालकांची सही आणायची. एका वर्षी एका वडिलांनी सहीशेजारी लिहून पाठवलं होतं, ‘चतुर्थीचे काय?’ मी त्याखाली ‘चतुर्थीलाही सवलत नाही’ असं लिहून कागद परत पाठवला.

मला कडक म्हणतात ते मला ठाऊक आहे. माझी हरकत नाही. मुलांना एकदा नियम कळला की ती निवांत असतात; आज मॅडमचा मूड कसा आहे, हे चेहऱ्यावरून ओळखत बसावं लागत नाही. गुण द्यायचे तर ते मोजून देता आले पाहिजेत, एवढंच माझं म्हणणं. ‘मुलगी गुणी आहे’ म्हणून दोन गुण जास्त, हा प्रकार माझ्याकडे नाही.

आमची शाळा किनाऱ्यापासून थोडी आत, बाजाराच्या गावात आहे. आजूबाजूच्या वाड्यांतून मुलं येतात. दहावीपर्यंत सगळी मराठीत शिकलेली, आणि अकरावी सायन्सला आली की एका रात्रीत पुस्तक इंग्रजी होतं. कोळंबीला किती पाय, ती कुठल्या चिखलात सापडते, कधी कात टाकते हे जिला लहानपणापासून माहीत आहे, ती मुलगी कोळंबीवरचा प्रश्न वाचून गप्प बसते. याला माझा नाइलाज आहे. पेपर इंग्रजीतच असतो. प्रकल्पाच्या वहीत मात्र मी एक सवलत ठेवली आहे : भागांची नावं इंग्रजीत, निरीक्षणं मराठीत लिहिली तरी चालतील.

गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. माझ्याच गावातली, म्हणजे माझ्या सासरच्या गावातली, आमच्या घरापासून चार घरं सोडून. सहामाहीला तिचा लेखी पेपर फारच वाईट गेला. दिवाळीनंतर शाळा उघडली तसे तिचे वडील तिला घेऊन मला भेटायला आले. ते आमच्या गावावरून कट्टा गावापर्यंत रिक्षा मारतात. रिक्षा फाटकात चालू ठेवूनच आत आले.

“मॅडम, ह्या इंग्लिश हिका जमणा नाय,” ते म्हणाले. “कॉमर्स घे म्हणान सांगलंय तर रडता.”

“मी रडत नाय,” मुलगी म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

“अजून एक चाचणी आहे,” मी म्हटलं. “तीस गुण लेखी, वीस प्रकल्पाला. जानेवारीत निकाल.”

ते मुलीकडे वळले. “आयक. पन्नासात पंचवीस इले तर रव सायन्साक. एक जरी कमी इलो तरी जूनापासून कॉमर्स. मॅडमसमोर सांगतंय.”

“इले तर मगे बोलूचा नाय,” ती म्हणाली.

“नाय बोलणार.”

असा करार झाला. मला साक्षीदार म्हणून मध्ये घेतलं गेलं, ते मला फारसं आवडलं नाही. पण पंचवीस म्हणजे पंचवीस, हे मला पटलं. बाप आणि मी एकाच पद्धतीने विचार करत होतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला प्रकल्प दिला. तो मी दरवर्षी देते. करवंटीला खाली भोक पाडायचं, माती भरायची, कुळथाचे तीन दाणे पेरायचे. रोज सकाळी पट्टीने उंची मोजायची, पानं मोजायची, काय दिसलं ते एका ओळीत लिहायचं. वीस दिवस, वीस नोंदी, एका नोंदीला एक गुण. वीस दिवस झाले की आलेख काढायला आणि वही नीट करायला आणखी चार दिवस. यात कुणाला काही विचारायला जागा नाही. वर्गाच्या मागच्या भिंतीवर माझा नमुना तक्ता लावलेला आहे, प्लॅस्टिकच्या आवरणात, वीस ओळी, सुबक अक्षरात. ‘नोंद कशी हवी?’ असं कुणी विचारलं की मी नुसतं बोट दाखवते.

आणि नेमकी त्याच महिन्यात गावपळण आली.

बाहेरच्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि तीन दिवस तीन रात्री सगळं गाव हद्दीबाहेर जाऊन राहतं. सगळं म्हणजे सगळं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री. घराला कडी लावायची आणि निघायचं. हद्दीपलीकडे माळावर झावळांच्या खोपी उभ्या राहतात, चुली पेटतात, आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन, देवाने होय म्हटलं की माघारी. तोवर कुणी गावात पाऊल टाकत नाही. काही विसरलं असेल तर ते विसरलेलंच राहतं. माझं लग्न झालं तेव्हा मला हे सगळं जरा विचित्र वाटलं होतं. आता मी नवऱ्याआधी सामान बांधते.

शाळा हद्दीबाहेर, त्यामुळे ती चालू होती. आम्ही सगळे खोपीतून शाळेत गेलो. मी आणि माझे चौदा विद्यार्थी एकाच माळरानावर राहत होतो, ही त्यांच्या दृष्टीने फार मजेची गोष्ट होती. मी सकाळी तोंडात ब्रश घेऊन उभी असले की पलीकडच्या खोपीतून “गुड मॉर्निंग मॅडम” यायचं. सासूबाई दर तासाला विचारायच्या, “गो, कोंबडे मोजलंस?” कोंबडे अकरा होते आणि अकराच राहिले. ती मुलगी आणि तिची आई आमच्या शेजारच्या खोपीत होत्या. दुपारी शाळेतून आलं की बायका एकत्र बसून भाजी चिरायच्या, आणि माझ्या एरवीच्या कडकपणाची मुलं नक्कल करून दाखवत. मी हसले, कारण नक्कल चांगली होती.

तांदूळ आणला, सुकी मासळी आणली, मांजर पोत्यात घालून आणलं. कुळथाची करवंटी कुणीच आणली नाही. मुलांच्या लक्षात आलं नाही, आणि कौल झाल्यापासून निघेपर्यंत हातात चांगले चार दिवस असताना माझ्याही लक्षात आलं नाही. प्रकल्पाचा बारावा, तेरावा आणि चौदावा दिवस असे गेले.

पंधराव्या दिवशी सकाळी कौल मिळाला आणि आम्ही घरी परतलो. माणूस आणि कुत्रं नाही म्हटल्यावर वानरांनी तीन दिवस गावात राज्य केलं होतं. आमच्या परसातल्या शेवग्याची फांदी खाली आली होती, पपई अर्धी खाऊन टाकलेली. दोन दिवस झाडलोट करण्यात गेले.

सांगितलेल्या तारखेला सेहेचाळीस वह्या माझ्या टेबलावर आल्या. एकही उशिरा नाही. मी खूश होते. सेहेचाळीस वह्या तपासायच्या म्हणजे वाचत बसायला वेळ नसतो. मी पान उघडते, वीस ओळी भरल्यात का बघते, आलेख आहे का बघते, गुण लिहिते. वीस. वीस. वीस. एकोणीस, कारण एकाने एक दिवस गाळला होता. वीस. त्या मुलीची वही उघडली. बारा, तेरा, चौदा या ओळींत उंचीचा रकाना कोरा, पानांचा रकाना कोरा, शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. कारण असावं. कारणे सांगू नयेत. तीन नोंदी नाहीत, तीन गुण गेले. सतरा.

मग लेखीचे गुण शेजारी मांडले. तिला तीसपैकी सात होते. सात आणि सतरा चोवीस.

मी पेन खाली ठेवलं. त्या दिवशीचा करार मला शब्दन् शब्द आठवत होता. एक गुण. स्टाफरूममध्ये समोर बसलेल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी माझा चेहरा पाहून विचारलं, “काय झालं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग द्या की एक वाढवून. कोण बघतंय?”

“मी बघते आहे ना,” मी म्हटलं आणि सतरा तसेच ठेवले. सांगायला हरकत नाही, त्या रात्री जेवण गेलं नाही मला नीट. पण आजवर कितीतरी मुलांना मी एकेका गुणासाठी नाही म्हटलेलं आहे, आणि त्यांच्याही घरी बाप होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या वाटल्या. मुलीने आपली वही उघडली, सतरा पाहिले. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग ती सरळ उभी राहिली.

“मॅडम, पान उलटलात?”

“कसलं पान?”

ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि तिने पान उलटलं. मागच्या बाजूला, आलेखाच्याही नंतर, आणखी तीन ओळी आखलेल्या होत्या. दिवस एकविसावा, बाविसावा, तेविसावा. उंची, पानं, निरीक्षण, सगळं भरलेलं. वर लिहिलं होतं : गावपळणीचे तीन दिवस राहिले, त्याच्या बदली.

“वही द्यायला चार दिवस होते, त्यातले तीन वापरले,” ती म्हणाली. “वीस नोंदी आहेत. मोजा.”

मी मोजल्या. सतरा आणि तीन. मग पहिल्यांदाच मी ती वही वाचली. बाराव्या ओळीत बारीक अक्षरात होतं : ‘गावपळण. घरी कोणी नाही. बघितले नाही.’ तेराव्यात : ‘तेच.’ चौदाव्यात : ‘तेच.’ पंधराव्यात : ‘दोन रोपे वानरांनी उपटली. तिसरे मधून मोडले. उंची चार सेंटिमीटर. माती कोरडी, पाणी घातले.’ सोळाव्यात : ‘चार सेंटिमीटर. मेले असे आई म्हणते.’ अठराव्यात : ‘मोडल्या जागेच्या खाली दोन हिरवे ठिपके. मेले नाही.’ आणि तेविसाव्या दिवशी दोन नव्या कोंबांची आकृती, पेन्सिलीने, नावं उजव्या बाजूला, एकाखाली एक.

शेंडा मोडला की खालच्या पानांच्या बगलेतल्या कळ्या फुटतात, हे बारावीच्या पुस्तकात आहे. मी ते दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. इतक्या वर्षांत एकाही मुलाच्या वहीत ते घडलेलं मी पाहिलं नव्हतं. तिचा आलेख वर गेला होता, धाडकन खाली आला होता आणि पुन्हा हळूहळू चढला होता. बाकी सगळ्यांचे आलेख माडासारखे सरळ वर गेले होते.

बाकी सगळ्यांचे. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला.

“आपल्या गावचे बाकीचे तेराजण, उभे राहा,” मी म्हटलं. “वह्या घेऊन.”

ते उभे राहिले.

“बाराव्या दिवशी तुम्ही कुठे होता?”

“खोपीत, मॅडम.”

“करवंटी कुठे होती?”

दोघातिघांनी हातातल्या वह्या मिटल्या.

“मग उंची कशी मोजलीत? पट्टी केवढी लांब होती?”

मागच्या बाकावरून एक तोंडाळ मुलगी म्हणाली, “मॅडम, देवाक कौल लावलो.” सगळा वर्ग हसला. मी हसू दाबून एकेकाची वही वाचायला घेतली. एकाने तेराव्या दिवशी ‘रोपाला पाणी घातले’ असं लिहिलं होतं. मी त्याला विचारलं, “गावाबाहेरून पाणी घातलंस? नळी लावली होतीस?” तो म्हणाला, “मनातल्या मनात, मॅडम.” आणि सातजणांच्या वहीत तेराव्या दिवशीची उंची अगदी सारखी होती, दहा पूर्णांक चार.

“सातही जणांचा कुळीथ एकाच मापाचा कसा?”

आता मात्र सगळे मान वळवून मागच्या भिंतीकडे बघायला लागले. तोंडाळ मुलगी हळूच म्हणाली, “मॅडम, तक्त्यात तसाच आसा.”

मीही तिकडे पाहिलं. माझा नमुना तक्ता. दिवस तेरावा : दहा पूर्णांक चार.

तो तक्ता कसा झाला ते मला चांगलं आठवतं, आणि त्या क्षणी ते फारच चांगलं आठवलं. शाळेत लागले त्या वर्षी मी खरंच कुळीथ पेरला होता. आठ दिवस मोजला. नवव्या दिवशी माहेरी गेले, परत आले तर करवंटीत काही नव्हतं. शाळेची तपासणी तोंडावर होती. उरलेले बारा दिवस मी स्टाफरूमच्या टेबलावर, चहा पीत, एका बैठकीत भरले. अक्षर फार छान आलं होतं. मग त्याला प्लॅस्टिकचं आवरण घातलं आणि पुढची कितीतरी वर्षं मुलांना त्याकडे बोट दाखवलं : अशी नोंद हवी. मुलांनी माझी अपेक्षा अगदी बरोबर ओळखली होती. मला वीस भरलेल्या ओळी हव्या होत्या, त्यांनी त्या दिल्या.

“तो तक्ता काढा,” मी म्हटलं.

“फाडायचा, मॅडम?” तोंडाळ मुलीने फार उत्साहाने विचारलं.

“आधी काढा. फाडायचं मी बघते.”

मग मी वर्गाला खरं सांगितलं, चहासकट. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. घंटा व्हायच्या आत निकाल दिला : तेराजणांच्या तीन-तीन नोंदी रद्द. ज्यांना ते गुण हवेत, त्यांनी आजपासून तीन दिवस करवंटीत जे असेल ते बघून लिहायचं. काही नसेल तर काही नाही असं लिहायचं, त्यालाही गुण आहेत.

“म्हणजे रिकामी करवंटी लिहिली तरी चालेल?” एकाने विचारलं.

“रिकामी असेल तरच.”

तीन दिवसांनी आलेल्या नोंदी मी एकूण एक वाचल्या, आणि इतक्या वर्षांत वह्या वाचताना कधी एवढी करमणूक झाली नव्हती. ‘करवंटी रिकामी. कोंबडी जवळच उभी.’ ‘रोप नाही, करवंटी पण नाही. आजीने चुलीत घातली.’ ‘रोप वाळले, दुसऱ्या दिवशी अजून वाळले, तिसऱ्या दिवशी मी टाकून दिले आणि आता वाईट वाटते.’ सगळ्यांना तीनपैकी तीन.

मुलीला वीसपैकी वीस. मी एकही गुण वाढवला नाही, नियमही वाकवला नाही. वीस दिवसांच्या वीस नोंदी होत्या, फक्त मी पान उलटलं नव्हतं. सात आणि वीस सत्तावीस.

निकालाच्या दिवशी तिचे वडील आले. या वेळी रिक्षा बंद करून आले. गुणपत्रिका हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचली.

“लेखी सात?”

“सात,” मी म्हटलं. “त्याची काळजी आहेच. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबेल ती, शब्द पाठ करून घेते मी.”

“आणि ह्या वीसात वीस कित्याचे?”

मी वही उघडून दाखवली. ते उभ्या उभ्या वाचायला लागले. पंधराव्या ओळीपाशी थांबले.

“वानरांनी मोडलेल्या कुळथाचे वीस गुण?” त्यांनी विचारलं. “मॅडम, माझी केळ आडवी केल्यानी वानरांनी. सगळी. मगे माका किती?”

“नोंद ठेवलीत?”

“नाय.”

“मग शून्य.”

ते मोठ्याने हसले. मुलगी मात्र हसली नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती, करार विसरलेली नव्हती.

“बाबा, सत्तावीस,” ती म्हणाली.

“बघलंय.”

“मगे?”

त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि खिशातून रिक्षाची किल्ली काढली. “मगे काय? बोलणार नाय म्हटलंय ना. जा, वर्गात जा.”

ती गेली. जाताना तिने वही माझ्या टेबलावर ठेवली नाही, बरोबर नेली. मला ती हवी होती खरं तर. मागची भिंत मोकळी होती आणि तिथे लावायला मला एक खरा तक्ता पाहिजे होता. शेवटी मी तिच्याकडून दोन पानांची झेरॉक्स मागून घेतली.